परक्या गावचा शेजारी
डॉक्टर कोटणीस यांच्या चरित्रावरून एक पाठ

क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर



एका खेड्यातील उपदेशक बंधूंचे पत्र आम्हांस आले आहे. ते लिहितात की, त्यांच्या मंडळीतील एक मुलगी परिचारिकेचे शिक्षण पुरे करून दोन वर्षांच्या सेवेसाठी समुद्रापलीकडील एका गरीब देशात जाऊ इच्छिते. पगार नाही, राहण्याजेवण्यापुरते मिळेल, आणि राहावयाचे ते तेथील लोकांच्याच वस्तीत. मुलीची आई विधवा आहे; ती रडते. गावकरी म्हणतात, "आपल्याकडे आजारी माणसे काय थोडी आहेत, की हिने परमुलखात जावे?" उपदेशक बंधू विचारतात, "अशा वेळी आम्ही काय सांगावे?"

प्रश्न सोपा नाही, आणि त्याचे उत्तर घाईने देणे बरे नव्हे. आम्ही ज्या चौकाजवळ बसून हे लिहीत आहो, त्याचे नाव १८५७ सालच्या बंडाच्या स्मृतीशी जोडलेले आहे. त्या साली या शहरातील घोडदळात बंड उसळले आणि पुष्कळांनी आपले प्राण वेचले. आपल्या भूमीसाठी प्राण देणारांचे स्मरण लोक ठेवतात, हे योग्यच आहे. परंतु जो परक्यांच्या भूमीत जाऊन, त्यांचे अन्न खाऊन, त्यांची भाषा बोलून, त्यांच्यासाठी झिजतो, त्याची योग्यता काय? याचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. ते सोलापुरात आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. घर मध्यम स्थितीचे. दोन भाऊ व पाच बहिणी. मुंबईस गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले व पुढील परीक्षेची तयारी करीत होते. १९३७ साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांस पत्र लिहून डॉक्टरांचे साहाय्य मागितले, आणि १९३८ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांस आवाहन केले. पैसा जमला, एक रुग्णवाहिका मिळाली, आणि पाच डॉक्टर निघाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. घरच्या मंडळीस चीनविषयी एवढेच ठाऊक होते की, तेथील लोक इकडे रेशीम विकावयास येतात; असे त्यांच्या बहिणीने पुढे सांगितले आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी या पाच जणांनी मुंबई बंदर सोडले.

आता या चरित्रातून आपल्या प्रश्नास उपयोगी पडतील अशा गोष्टी एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट : मुदत. हे डॉक्टर सुमारे एका वर्षाच्या बोलीने गेले होते. कँटनहून आत जाता जाता, मार्गात रुग्णालयांतून काम करीत, ते १९३९ च्या फेब्रुवारीत वायव्येकडील येनान येथे पोहोचले; म्हणजे जवळजवळ अर्धे वर्ष पोहोचण्यातच गेले. जो थोड्या दिवसांसाठी जातो, तो रस्ते पाहतो, माणसे पाहतो, आणि ओळख होऊ लागते तोच परततो. त्या थोड्या दिवसांत यजमानांसच त्याची अधिक सेवा करावी लागते. कोटणीस चार वर्षांहून अधिक काळ राहिले. त्यांचे जे काम आज लोक आठवतात, ते बहुतेक सर्व ठरलेले वर्ष उलटल्यानंतरचे आहे.

दुसरी गोष्ट : भाषा. त्यांनी चिनी भाषा केवळ बोलण्यापुरती नव्हे, तर लिहिण्यापुरती शिकली. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. हजारो चिन्हे एकेक करून पाठ करावी लागतात. १९४० साली कुओ चिंगलान नावाच्या परिचारिकेने त्यांस प्रथम पाहिले, तेव्हा हा परदेशी मनुष्य आपली भाषा बोलतो आणि लिहितोही, याचेच तिला मोठे नवल वाटले. पुढे १९४१ साली त्या दोघांचा विवाह झाला. ज्याच्या जखमेवर आपण पट्टी बांधतो, त्याचे कण्हणे आपणांस कळते. परंतु तो काय सांगतो हे कळण्यास त्याची भाषा यावी लागते. दुभाष्याच्या तोंडून औषध सांगता येते, धीर देता येत नाही.

तिसरी गोष्ट : अन्न, घर आणि नाव. येनानकडे लोक पिवळ्या मातीचे डोंगर पोखरून केलेल्या घरांत राहत. डॉक्टरही तसेच राहिले. त्या मुलखाचे मुख्य धान्य राळे. आपल्या जुन्या शेतकऱ्यांस राळ्याची पेज ठाऊक आहे; तीच सैनिकांचे अन्न, आणि तीच डॉक्टरांचे. पाचही जणांनी आपल्या नावास 'ह्वा' हे अक्षर जोडून घेतले. त्याचा अर्थ चीन. कोटणीस यांचे नाव 'के दिह्वा' असे झाले. खेड्यातील लोक त्यांस प्रेमाने 'काळी आई' म्हणत, असे तिकडे सांगतात. वाचकहो, आपल्याकडे काळी आई कोणास म्हणतात हे आपणांस सांगावयास नको. जी तुडविली जाते आणि तरी पीक देते, ती. चिनी लोकांस आपला हा शब्द ठाऊक असण्याचा संभव नाही. त्यांनी डॉक्टरांचा वर्ण व माया पाहून ते नाव दिले. परंतु मराठी माणसास याहून मोठी पदवी दुसरी कोणती मिळणार?

चौथी गोष्ट : मागे काय राहते. उत्तर चीनच्या डोंगराळ सरहद्दीवर कॅनडाचे शस्त्रवैद्य डॉक्टर नॉर्मन बेथून काम करीत होते. जखमींवर शस्त्रक्रिया करताना बोटास इजा होऊन विष भिनले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते मरण पावले. पुढे त्याच मुलखात कोटणीस गेले. १९४० सालच्या लढाईत त्यांनी रणांगणाजवळ राहून दिवसरात्र जखमींवर उपचार केले. एकदा तर बहात्तर तास ते झोपले नाहीत, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. १९४१ च्या जानेवारीत बेथून यांच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. परंतु आम्हांस विशेष वाटते ते हे की, त्यांनी तेथील वैद्यकीय शाळेत खेड्यांतील तरुणांस शिकविले, आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेवर चिनी भाषेत पुस्तक लिहिले. दुसरे पुस्तक लिहीत असता मृत्यूने त्यांस गाठले. जो आपल्या हातांनी शंभर माणसे बरी करतो, तो थोर. परंतु जो दहा जणांचे हात तयार करून ठेवतो, त्याचे काम तो गेल्यावरही थांबत नाही.

पाचवी गोष्ट : शरीर. येथे आम्ही थोडे निराळे बोलणार आहो, आणि वाचकांनी राग मानू नये. कोटणीस यांस अपस्माराचे झटके येऊ लागले होते. दूर जाऊन उपचार घ्यावे असे त्यांस सांगण्यात आले. त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, हेबेई प्रांतातील एका खेड्यात ते निवर्तले. त्यांचा मुलगा त्या वेळी साडेतीन महिन्यांचा होता. भारत आणि चीन या दोहोंची चिनी नावे जोडून त्याचे नाव 'यिनह्वा' असे ठेवले होते. कोटणीस यांच्या निष्ठेपुढे आम्ही मस्तक नमवितो. तथापि जे तरुण आज निघू पाहतात त्यांस आम्ही सांगू की, दुखणे अंगावर काढणे हा सेवेचा भाग नव्हे. तेथे युद्ध होते, वेढा होता, औषधे नव्हती. जेथे विश्रांती व उपचार मिळू शकतात, तेथे ते नाकारणारा सेवक मागाहून आपल्या यजमानांवरच भार होऊन बसतो.

याच ठिकाणी त्यांच्या सोबत्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. चोळकर, मुखर्जी आणि अटल हे तिघे प्रकृती बिघडल्यामुळे आधी परत आले. चरित्र लिहिणारे त्यांचे नाव एका ओळीत उरकतात. परंतु जो आपली शक्ती संपली हे ओळखून परततो, तो पळपुटा नव्हे. त्यानेही आपले काम केलेले असते. मंडळीने असा कोणी परतला तर त्यास कमी लेखू नये.

सहावी गोष्ट : घर. आता त्या विधवा मातेच्या अश्रूंकडे वळू. कोटणीस चीनमध्ये पोहोचून फार दिवस झाले नव्हते, तोच चुंगकिंग येथे त्यांस पित्याच्या मृत्यूची वार्ता कळली. ते परत फिरले नाहीत. घरी आई, भाऊ, बहिणी होत्या. त्यांनी तो भार उचलला. या गोष्टीचा अर्थ, आईबापांचे दुःख क्षुद्र आहे असा कोणी करू नये. अर्थ असा आहे की, एक मनुष्य दूर जातो तेव्हा सेवा एकटा तो करीत नाही. मागे राहणारेही करतात, आणि बहुधा त्यांचा वाटा कोणी मोजीत नाही. सोलापूरच्या त्या घरानेही चीनला काही दिले.

कोटणीस ज्या सैन्यात राहिले ते साम्यवादी पक्षाचे होते, आणि १९४२ साली ते स्वतः त्या पक्षात गेले. त्या मताशी कोणाचे जुळेल, कोणाचे जुळणार नाही. आम्ही येथे मताचा नव्हे, शेजारधर्माचा धडा घेत आहो. पुढे १९६२ साली भारत व चीन यांमध्ये युद्ध झाले. तरी त्यांचे स्मरण तिकडे टिकून राहिले. शिजियाझ्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. दोन्ही देशांनी त्यांच्या नावे टपाल तिकिटे काढली. चीनने १९८२ साली, भारताने १९९३ साली. सोलापुरातही त्यांचे स्मारक झाले आहे.

असे परके शेजारी आपल्या देशातही येऊन गेले आहेत. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला, तेव्हा स्वित्झर्लंडचे इंजिनियर पिएर सेरेसोल आपले थोडे सोबती घेऊन आले, आणि मुझफ्फरपूरच्या बाजूस गावकऱ्यांबरोबर माती वाहून गावे पुन्हा वसविण्याच्या कामी लागले. पुढे अमेरिकेतून पीस कोअरचे तरुण १९६१ पासून १९७६ पर्यंत हिंदुस्थानात येत असत. त्या संस्थेचा नियम असा की, आधी काही आठवडे भाषा व रीतिभाती शिकावयाच्या, आणि मग दोन वर्षे काम करावयाचे. संयुक्त राष्ट्रांनीही १९७० साली आपले स्वयंसेवक पथक स्थापन केले. म्हणून त्या मुलीची इच्छा हे काही नवे खूळ नव्हे.

मग गावकऱ्यांच्या प्रश्नाचे काय? आपल्याकडे आजारी माणसे थोडी आहेत काय? नाहीत. म्हणून पहिली कसोटी घरचीच असावी. जामखेड येथे डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० साली काम आरंभिले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन ते परतले होते, आणि तरी त्यांनी दुष्काळी तालुका निवडला. गावोगावच्या स्त्रिया, ज्यांतील कित्येक निरक्षर व दलित होत्या, त्यांस त्यांनी आरोग्याचे ज्ञान दिले. पुढे परदेशांतील लोक तेथे शिकावयास येऊ लागले. यावरून दिसते की दूर आणि जवळ हा भेद अंतराचा नाही. जो आपल्या गावच्या दुसऱ्या आळीत पाणी पीत नाही, तो समुद्रापलीकडे जाऊन कोणाचा शेजारी होणार?

तेव्हा उपदेशक बंधूंस आमचे सांगणे असे. मुलीस प्रथम विचारा की, आपल्याच तालुक्यातील परक्या वस्तीत सहा महिने राहून ती काम करील काय. केले, आणि तरी तिची इच्छा टिकली, तर तिला अडवू नका. पाठविणाऱ्या संस्थेकडून मुदत, परतीचे भाडे, आजारपणाचा खर्च व राहण्याची सोय हे सर्व लेखी घ्या. तिने जाण्यापूर्वी तेथील भाषेस आरंभ करावा. त्या गावाने परिचारिका खरोखर मागितली आहे काय, की कोणी दुसऱ्याने त्यांच्यासाठी ठरविले आहे, हेही विचारून पाहा. चीनने मागितले, म्हणून कोटणीस गेले.

आणि शेवटी मातेविषयी. तिला "रडू नका" असे सांगू नका. तिच्या घरी दर आठवड्यास कोण जाईल, तिचे सरपण व औषध कोण आणील, रात्री दुखले तर कोणास हाक मारावयाची, हे मंडळीने बसून नावानिशी ठरवावे. हे ठरविता येत नसेल, तर मुलीस जा म्हणण्याचा आपणांस अधिकार नाही. ठरविता येत असेल, तर तिच्याबरोबर तुमचे सारे गावच सेवेस निघाले असे समजा.

सभेत विचारावयाचे प्रश्न

१. डॉक्टर कोटणीस यांच्या कामात भाषेचा उपयोग कोणता झाला? आपल्या गावात ज्यांची बोली निराळी आहे अशा लोकांशी आपण त्यांच्या बोलीत बोलतो काय?

२. 'पाहुणा' आणि 'शेजारी' यांत भेद काय? दूरच्या गावी गेलेला सेवक पाहुण्याचा शेजारी केव्हा होतो?

३. आजारपणामुळे परत आलेल्या सेवकाशी मंडळीने कसे वागावे?

४. आपल्या मंडळीतील ज्यांची मुले दूर आहेत, अशा वृद्धांची नावे सांगा. या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाणार?