असमान जमिनीवर काचेची मत्स्यपेटी कशी बसवावी

आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. कोहळी समाजातील जाणत्या पुरुषांनी जमिनीचा उतार ओळखून मातीच्या पाळी घातल्या. मालगुजारी 1951 साली संपुष्टात आली; तरी 'मामा तलाव' या नावाने ते तलाव आजही धानाच्या बांध्यांस पाणी देत आहेत, आणि ढिवर बंधूंचा निर्वाह त्यांतील मासोळीवर चालत आहे. अशा मुलुखातील मुलांस घरी काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस वाटावी, यात नवल नाही. परंतु आपल्या घरांतील जमीन क्वचितच सपाट असते. सबब पेटी बसविण्याची रीत येथे क्रमाने सांगतो.

भार किती? 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद व 30 उंच अशा पेटीत काठोकाठ 54 लिटर पाणी मावते. वरून 3 सेंटिमीटर जागा सोडली, तरी सुमारे साडेअठ्ठेचाळीस किलो पाणी झाले. त्यात काच व वाळू मिळविली म्हणजे एकंदर भार 65 किलोंच्या घरात जातो. म्हणजे 40 किलोंच्या दीड पोत्याहून अधिक धान चार बारीक पायांवर कायमचे उभे केल्यासारखे होते.

दोष दोन प्रकारचा. पहिला दोष उताराचा. मोरीकडे पाणी वाहून जावे म्हणून जमिनीस मुद्दाम ढाळ दिलेला असतो. अशा ठिकाणी पेटी एका अंगास कलते व पाणी एका काठाशी अधिक चढते. दुसरा दोष पिळाचा. घडवंचीचे तीन पाय टेकतात व चौथा अधांतरी राहतो. हा दोष अधिक घातक होय. लाकूड थोडे वाकून सावरते, काच वाकत नाही. तिचे सांधे ताणले जातात व एखादे दिवशी तळ तडकतो. मासे तर मरतातच. शिवाय जवळ बियाण्याची पोती असल्यास पुढील हंगामाचे बीही भिजते.

कृती. (1) जागा भिंतीलगत पाहावी. थेट ऊन नसावे, कारण उन्हाने शेवाळ माजते. बियाणे व विजेची बटणे दूर असावीत.

(2) प्रथम रिकामी घडवंची मांडावी. तिच्यावर गवंड्याची पाणसळ लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांवर ठेवून पाहावी. नंतर समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबावे. घडवंची डुगडुगल्यास पिळाचा दोष आहे असे समजावे.

(3) सारवलेल्या जमिनीत पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली रुंद फरशीचा तुकडा पक्का बसवावा. जो पाय खाली राहील त्याच्याखाली लोखंडी पट्टी किंवा टणक लाकडाची चीप पायाच्या पूर्ण रुंदीची घालावी. पुठ्ठा अथवा कागदाची घडी घालू नये. ओल लागताच ती दबते.

(4) काचेच्या तळाखाली पाचर कदापि ठोकू नये. दुरुस्ती घडवंचीच्या पायाखालीच करावयाची. घडवंचीवर जाड सपाट फळी टाकावी, आणि पेटीस चौकट नसल्यास मध्ये थर्माकोलचा पातळ पत्रा घालावा. तो बारीक खडे व खरबरीतपणा पचवितो. उतार मात्र पचवीत नाही.

(5) आता पाव पेटी पाणी भरावे व चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. पाणी स्वतः कधीही तिरपे उभे राहत नाही. म्हणून त्याच्यासारखी खरी पाणसळ दुसरी नाही. चिखलणीनंतर बांधीत पाणी उभे करून आपण उंचवटे ओळखतो, तीच ही युक्ती होय. अंतरात 2-3 मिलिमीटरांहून अधिक फरक दिसल्यास पाणी काढून पाय पुन्हा सावरावे. भरलेली पेटी एका बाजूने उचलून चीप सरकवू नये. तेवढ्या पिळानेही काच जाते.

(6) माप बरोबर आले म्हणजे निम्मी पेटी भरून एक रात्र ठेवावी. भाराने जमीन बसली असल्यास सकाळच्या मापात ते कळते. मगच पूर्ण भरावी. नळाचे पाणी असल्यास त्यातील क्लोरीन नाहीसे झाल्याची खात्री केल्यावाचून मासे सोडू नयेत.

पुढील देखरेख. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तेव्हा पेटी बसविल्यावर आठवड्याने, आणि पुढे पावसाळा लागताना व संपल्यावर, चारही कोपरे पुन्हा मोजावे. या कामास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

ज्याने पाळ घालण्यापूर्वी जमीन पाहिली त्याचा तलाव टिकला. पेटीचेही तसेच आहे: आधी पाया सम करावा, मग भार चढवावा, व भार चढल्यावर पाया पुन्हा तपासावा. मुलांकडून हे माप घेवविल्यास त्यांस समपातळीचा धडा घरीच मिळेल, व तो पुढे बांधीतही उपयोगी पडेल.