गिटारची तार महाग का?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावाकडे तार किलोवर मिळते. द्राक्षबागेच्या मांडवाला लागणारी तार वडील वजन करूनच घेतात. त्यामुळे गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी गिटारच्या तारा आणायला गेलो, तेव्हा दुकानदाराने पुढे ठेवलेल्या दोन पाकिटांतील फरक मला पटेना. दोन्हींत तारा सहाच. पण एकाची किंमत दुसऱ्याच्या चौपट! ‘हे पैसे नुसते नावाचे,’ असे मनाशी म्हणून मी स्वस्त पाकीट उचलले. तालमीत मोकळ्या तारा सुरात लागल्या. परंतु बाराव्या पडद्यावर बोट ठेवताच जाड तारा बेसूर बोलू लागल्या. दोष गिटारचा असेल म्हणून मित्राकडच्या तारा चढवून पाहिल्या, तर सूर बरोबर जुळला. तेव्हापासून या प्रश्नाने पिच्छा पुरवला. त्याचा जो थोडाफार अभ्यास केला, तो येथे मांडत आहे.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिचे दर लांबीमागील वजन. मारँ मर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ साली आपल्या ग्रंथात हे नियम मांडले. गिटारच्या सहाही तारांची लांबी सारखीच असते. सर्वांत बारीक तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ३३०, तर सर्वांत जाड तारेची सुमारे ८२, म्हणजे दोन सप्तके खाली. ताण तोच ठेवायचा तर जाड तारेचे वजन सोळापट हवे. नुसत्या पोलादाची तार घेतली तर ती चौपट जाड होईल. पण इतकी जाड तार ताठ होते, सळईसारखी वागू लागते आणि तिचे उपस्वर जागेवर पडत नाहीत. म्हणून आत पोलादाची बारीक तार घेऊन तिच्यावर दुसऱ्या धातूची तार गुंडाळतात. वजन वाढते, पण लवचीकपणा टिकतो.

खरी मेहनत या गुंडाळणीत आहे. वेढे घसरू नयेत म्हणून आतली तार बहुधा षटकोनी असते. सहा तारा मिळून गिटारवर सत्तर किलोंच्या आसपास ओढ पडते. ती सोसणारे पोलाद मांडवाच्या तारेचे नव्हे. वेढे कोठे घट्ट, कोठे सैल पडले, तर तारेचा एक भाग जड होतो. मग बाराव्या पडद्यावर तारेची बरोबर निम्मी लांबी वाजवली, तरी नेमका वरच्या सप्तकातला स्वर येत नाही. माझ्या तारांचे दुखणे हेच असावे! वरच्या वेढ्यांसाठी ८० टक्के तांबे व २० टक्के जस्त असा मिश्रधातू वापरतात. किंवा तांबे, कथील व किंचित फॉस्फरस यांचे कांसे वापरतात. अमेरिकेतील डॅडारिओ कंपनीने ते १९७४ साली गिटारच्या तारांसाठी आणले. ते लवकर काळवंडत नाही.

तरीही तार मरते ती घामाने. वेढ्यांच्या फटींत घाम, मळ, त्वचेचे कण साचतात. तार जड होते, उपस्वर दबतात, आवाज बसतो. यावरचा उपाय मोठा गमतीदार रीतीने सापडला. रॉबर्ट गोर यांनी १९६९ साली, नॉन-स्टिक तव्यावर असते तेच टेफ्लॉन झटक्याने ताणून, सूक्ष्म छिद्रांचा एक चिवट पदार्थ तयार केला. पुढे त्यांच्या कंपनीत वैद्यकीय वस्तूंवर काम करणारे अभियंता डेव्ह मायर्स यांनी आपल्या सायकलच्या गिअरच्या तारांना या पदार्थाचा लेप दिला आणि त्यांना वाटले, हाच लेप गिटारच्या तारांना का देऊ नये? पातळ असा की आवाज दबू नये, चिवट असा की बोटांनी निघू नये. हे जमायला त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना तीन वर्षे लागली. १९९०च्या दशकात त्या तारा ‘एलिक्सिर’ नावाने बाजारात आल्या.

तेव्हा महाग तारेची किंमत धातूची नसते. ती एकसारखेपणाची आणि टिकाऊपणाची असते. परदेशी तारांवर आयात शुल्क व वाहतूकही चढते, आणि काही पैसे नावाचे असतात हेही खरेच. शिवाय कित्येक वादकांना लेप नसलेल्या तारेचाच खणखणीत आवाज आवडतो. म्हणजे महाग तार सर्वांसाठी चांगली, असे म्हणता येणार नाही.

एक हिशेब मात्र मनाला लागला. चौपट किमतीची तार चौपट टिकली, तर दोन्ही सारख्याच पडतात. त्याहून जास्त टिकली, तर स्वस्त तार घेणाराच वर्षाकाठी अधिक पैसे मोजतो. कारण एकरकमी मोठी रक्कम त्याच्या हातात कधी नसते. हे केवळ तारांपुरते आहे असे मला वाटत नाही.

मी अजून साध्याच तारा वापरतो. फक्त वाजवण्यापूर्वी हात धुतो आणि नंतर जुन्या धोतराच्या फडक्याने प्रत्येक तार पुसून ठेवतो. या उपायाला पैसे पडत नाहीत. आणि आता पाकीट घेताना किंमत पाहून रागावत नाही. आधी विचारतो, ‘हे पैसे नेमके कशाचे?’