दहा मिनिटांची घरघर

नाशिक,
१२ डिसेंबर

चि. बाळ यास,


परवा फोनवर तुला नीट सांगता आलं नाही. मागून तात्या बोलत होते, तूही चिडला होतास, आणि एकाच फोनवर दोघांची समजूत घालणं मला जमणारं नव्हतं. म्हणून लिहून पाठवतोय. तात्यांनाही वाचून दाखव, पण जेवण झाल्यावर.

तात्यांचं म्हणणं, सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटं तरी उभ्याने तापवायची, मगच हलवायची. शोरूममधला पोरगा म्हणतो, चावी फिरवा आणि निघा. माझं विचारशील तर दोघंही अर्धंच सांगतायत. त्यातही तात्यांची अर्धी गोष्ट त्यांच्या गाडीपुरती खरी होती, आणि तुझी गाडी ती नाही.

त्यांची जुनी जीप आठव. थंडीत तीन-चारदा सेल्फ मारावा लागायचा, पांढरा धूर सगळ्या अंगणात पसरायचा, आणि लगेच गियर टाकला तर ती गचके देत बंदच पडायची. तुझ्या बाबांच्या जुन्या स्प्लेंडरचंही तेच. चोक ओढल्याशिवाय ती दाद द्यायची नाही. त्या गाडीत कार्ब्युरेटर होता. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं, मग इंजिन तापलं की चोक आत ढकलायचा. हा हिशेब चालवणाऱ्याच्या हातात होता. त्या काळी जो थांबला तो शहाणा, यात वाद नाही.

आता तोच हिशेब गाडीतला संगणक करतो. कूलंट किती गार आहे, हवा किती गार आहे हे सेन्सर त्याला सांगतात आणि त्याप्रमाणे तो इंधन सोडतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, तेव्हा नव्या दुचाकींमधूनही कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. डिझेल गाड्यांत जास्त दाबाचं इंजेक्शन आलं. तुझी पिकअप थंडीतही पहिल्या सेल्फला सुरू होते ती म्हणून, नवी कोरी आहे म्हणून नव्हे.

तात्यांच्या हट्टाचं मूळ मात्र जीपमध्ये नाही असा माझा संशय आहे. ते मूळ आहे जव्हारच्या डेपोत. पहाटेच्या पहिल्या गाड्या डेपोत घरघरत उभ्या असायच्या आणि ड्रायव्हर चहा पीत असायचा, हे त्यांनी जन्मभर पाहिलंय. एवढी मोठी एसटी इंजिन तापवते, मग आपण का नाही, असं त्यांना वाटणारच. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली, म्हणून खात्रीने सांगतो, ती घरघर मुख्यतः हवेसाठी असते. बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रभर उभ्या गाडीच्या टाकीतली हवा थोडीथोडी निसटते, आणि इंजिन चालवल्याशिवाय कॉम्प्रेसर ती परत भरत नाही. काटा वर येऊन बझर बंद होईपर्यंत शहाणा ड्रायव्हर गाडी हलवत नाही, कारण ब्रेकच लागणार नाहीत. तुझ्या पिकअपला ती भानगड नाही. तिच्या ब्रेकला लागणारा व्हॅक्यूम काही सेकंदांत तयार होतो.

आता उभ्याने तापवण्याबद्दल. डिझेल इंजिन न्यूट्रलला उभं असताना इतकं थोडं डिझेल जाळतं की त्यातून उष्णता फारशी निघतच नाही. दहा मिनिटांनी पाण्याचा काटा जेमतेम हललेला दिसेल. तेवढ्या वेळात गार सिलिंडरमध्ये काही डिझेल अर्धवट जळतं, त्याची काजळी होते, आणि काही रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल गाडीत तर थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल जातं आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढतं. म्हणजे ज्या झिजेच्या भीतीने आपण थांबतो, तीच थांबल्याने वाढते. शिवाय तापतं ते फक्त इंजिन. गियरबॉक्समधलं ऑइल, चाकांची बेअरिंगं, शॉकअब्सॉर्बर, टायर हे सगळं गाडी चालल्याशिवाय गारच राहतं.

मग करायचं काय? चावी फिरवल्यावर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो, तो ग्लो प्लगचा. तो विझल्यावर सेल्फ मार. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा विझला की ऑइल वरपर्यंत पोचायला लागलं असं समज. त्यानंतर अर्धा मिनिट पुष्कळ झालं, तेवढ्यात बेल्ट लावून आरसे बघून होतात. काचेवर धुकं धरलं असेल तर ती साफ होईपर्यंत जरूर थांब. तो थांबा तुझ्या डोळ्यांसाठी आहे, इंजिनाशी त्याचा संबंध नाही. निघालास की पहिले चार-पाच किलोमीटर रेस देऊ नकोस, दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेव, आणि गियर वेळच्या वेळी बदल. वरचा गियर टाकून इंजिनाला ओढायला लावणंही तितकंच वाईट. पाण्याचा काटा मधे आला म्हणजे ऑइलही तापलं असं नाही, ते मागून सावकाश तापतं.

तात्यांना हे पटवायचं असेल तर घोड्याचं उदाहरण दे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीत महाराज शिरपामाळावर थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहांनी तिथे त्यांचा मान केला, ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला माळावर नेऊन सांगतात. त्यांना विचार, त्या घोडदळाने घोडे थानावरून सोडल्यासोडल्या चौखूर पिटाळले असतील का? आणि पिटाळले नाहीत म्हणून काय जागच्या जागी नाचवत ठेवले असतील? आधी चाल, मग दुडकी, मग दौड. ते लगेच हो म्हणतील. मग गाडीचा विषय काढ.

तुझ्या घरापासून जव्हार गावापर्यंतचा आणि पुढचा थोडा रस्ता म्हणजे ही चाल समज. अवघड एवढंच की मोगऱ्याच्या हंगामात तुला घाई असते, फुलं बाजारात वेळेवर गेली नाहीत तर भाव पडतो, आणि गाडी भरलेली असते. भरलेली गाडी गार इंजिनावर चढाला दामटणं हेच खरं नुकसान. दहा मिनिटं उभं राहून मग ती दामटलीस तर काही साधत नाही. त्यापेक्षा लगेच नीघ आणि मोखाड्याच्या वाटेवर सुरुवातीला हात आवरता ठेव, एकूण वेळ तेवढाच लागेल. नाशिकपर्यंतच्या ऐंशीएक किलोमीटरमध्ये पहिल्या पाचांनी तुझा उशीर होत नाही, उशीर होतो तो वाटेतल्या चहाने.

पैशाचाही हिशेब मांड. असली पिकअप उभ्याने तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर डिझेल खाते. रोज दहा मिनिटं धरली तर वर्षाचे तीस ते पंचेचाळीस लिटर आपण अंगणातच जाळतो. जर्मनीत तर विनाकारण इंजिन चालू ठेवून गाडी तापवणं वाहतुकीच्या नियमांतच बसत नाही, दंड होतो. कॅनडात कडाक्याच्या थंडीत उणे वीस-तीस अंशांवर लोक रात्रभर इंजिनाला विजेचा हीटर जोडून ठेवतात, कारण एवढ्या थंडीत ऑइल घट्ट होऊन बसतं. तिथे गोष्ट वेगळी. तू साडेचारशे मीटर उंचीवर राहतोस, बर्फात राहत नाहीस.

एक गोष्ट मात्र हुकूम समज. पावसाळ्यात तू गाडी ताडपत्री लावलेल्या पडवीत घेतोस आणि तिथेच चालू करून ठेवतोस, असं ताई म्हणाली. ते आजपासून बंद. पडवीला लागून आजीची खोली आहे. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. गाडी बाहेर काढूनच चालू कर, किंवा चालू करून लगेच बाहेर काढ.

गावातला कोणी मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगेल. ‘गाडी गरम होणार नाही’ असं म्हणेल, घाटात चालणाऱ्या गाड्यांबद्दल हे हमखास म्हणतात. ऐकू नकोस. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणं हेच त्या थर्मोस्टॅटचं काम. तो काढला की इंजिन लवकर तापत नाही, आणि थंडीत उतारावर तर पुरतं तापतच नाही. मग ते सारखं जास्त डिझेल पितं. गाडी खरोखर गरम होत असेल तर रेडिएटर, पंखा, कूलंट बघ, दोष तिथे सापडेल.

उताराचं निघालंच आहे तर सांगतो. तात्या उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायचे. नव्या इंजेक्शनच्या गाडीत हे उलटं आहे. गियरमध्ये ठेवून पाय काढलास तर संगणक इंधन पूर्ण तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल लागतंच, वर सगळा भार ब्रेकवर येतो. भरल्या गाडीने तोरंगण घाट न्यूट्रलमध्ये उतरताना मला कधी दिसलास तर तिथेच चावी काढून घेईन.

सकाळी वाचलेली मिनिटं घाट चढून आल्यावर खर्च कर. टर्बो तेव्हा लालबुंद तापलेला असतो आणि त्याचं बेअरिंग ऑइलवर तरंगत असतं. भरली गाडी जोरात चढवून आणलीस आणि थांबल्याथांबल्या चावी बंद केलीस तर ऑइलचा प्रवाह तुटतो आणि उरलेलं तिथेच करपतं. एक मिनिट न्यूट्रलला चालू दे, मग बंद कर. शेवटचा रस्ता सावकाश आला असशील तर तेवढीही गरज नाही.

तुझ्या गाडीला डीपीएफ आहे का ते मॅन्युअलमध्ये बघ, बीएस-६ डिझेलला बहुधा असतो. तो काजळी अडवतो आणि गाडी सलग वेगात चालली की ती जाळून साफ होतो. उभ्याने घरघरत ठेवलेल्या आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्यांचा तो लवकर तुंबतो. त्याचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नकोस. महामार्गावर थोडा वेळ एका वेगाने चालव, तरी विझला नाही तर सर्व्हिस सेंटरला ने.

आणि ऑइल. डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० असं काही असतं. पहिला आकडा जितका लहान तितकं ते गार असताना लवकर वाहतं आणि पहाटे पहिल्या सेकंदांत वरपर्यंत पोचतं. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाल. दुकानदार ‘आपल्याकडे गरमी असते, जाड चालेल’ म्हणून दुसरं देईल, ते परत कर. पहिल्या सर्व्हिसला डबा तुझ्यासमोर फोडायला लाव आणि बिलावर ग्रेड लिहून घे.

ताईला आणि आजीला नमस्कार सांग.

तुझा,
मामा