आधी थांबणं लिही, मनू

मनू, लोकांच्या डॉक्युमेंट्सच्या फोल्डरवर नजर ठेवून गुपचूप बॅकअप घेणारी विंडोज सर्व्हिस तुझ्याकडे सोपवलीय, हे ऐकून फार बरं वाटलं. थ्रेड किती ठेवू, असं विचारलंस. ते नंतर बघू गं. आधी मला सांग, ती थांबणार कशी?

थ्रेड सुरू करायला एक ओळ पुरते. खरी परीक्षा कोणी लॅपटॉप बंद करतं किंवा इन्स्टॉलर जुनी आवृत्ती काढायला येतो तेव्हा असते. त्या क्षणी एक थ्रेड सर्व्हरच्या उत्तराची वाट बघतोय, दुसरा लॉकपाशी खोळंबलाय, तिसऱ्याने फाइल अर्धी लिहिलीय. या तिघांना नीट घरी कसं आणायचं, ते पहिल्या दिवशी कागदावर मांड. मागाहून ते घुसवायला गेलीस तर सगळा कोड उसवावा लागतो.

सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर वेळेचा पक्का आहे. प्रोसेस सुरू झाल्यापासून 30 सेकंदांत तुझ्या मेनने त्याच्याशी जोडून घेतलं नाही, तर 1053 ही एरर येते. म्हणून डेटाबेस उघडणं, सेटिंग्ज वाचणं असलं काही मेनमध्ये ठेवू नकोस. ते सर्व्हिसमेनमध्ये कर आणि ‘सुरू होतेय’ असं कळवत चेकपॉइंट वाढवत राहा. स्टॉपचा निरोप येतो तो कंट्रोल हँडलरमध्ये, आणि तिथूनही 30 सेकंदांच्या आत परतायचं असतं. पण तू तिथे क्षणभरही रेंगाळू नकोस. ‘थांबतेय’ एवढं कळव, स्टॉप इव्हेंट सेट कर आणि परत ये. थ्रेड संपण्याची वाट हँडलरने बघायची नाही, ती सर्व्हिसमेनने बघायची.

तो इव्हेंट मॅन्युअल रिसेटचाच घे, बाई. ऑटो रिसेटचा घेतलास तर एकच थ्रेड जागा होतो आणि बाकीचे तसेच बसून राहतात. आपल्याला शाळेची घंटा हवी, एकदा वाजली की सगळ्या वर्गांना ऐकू जाणारी. थ्रेड जिथे जिथे थांबतो तिथे वेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्स वापर आणि स्टॉप इव्हेंट यादीत शून्याव्या जागी ठेव. एकाच वेळी दोन गोष्टी तयार झाल्या तर ते फंक्शन लहान क्रमांक परत देतं, म्हणजे भरपूर काम साचलेलं असतानाही थांबण्याचा निरोप मागे पडत नाही. मिनिटभर विसावा हवा म्हणून स्लीप लिहू नकोस. स्टॉप इव्हेंटवरच साठ सेकंदांची मुदत देऊन थांब. विसावा तेवढाच मिळतो, आणि हाक आली की लगेच उठता येतं.

आणि टर्मिनेटथ्रेडला हातसुद्धा लावू नकोस. त्या थ्रेडच्या हातात हीपचं लॉक असेल तर ते कधीच सुटत नाही. मग दुसराच कुठला तरी थ्रेड साधी मेमरी मागायला जातो आणि गोठतो, आणि तू भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतेस.

आता तुझा मूळ प्रश्न. फोल्डरमधले बदल ऐकायला एकच थ्रेड पुरे, आणि त्याने दुसरं काहीही करायचं नाही. रीडडिरेक्टरीचेंजेसचा बफर ठरावीक आकाराचा असतो. कोणी हजारो फोटो एकदम टाकले आणि तो भरून वाहिला, तर आतल्या नोंदी टाकून दिल्या जातात आणि तुला शून्य बाइट्स मिळतात. शून्य म्हणजे ‘काही झालं नाही’ असं समजू नकोस. त्याचा अर्थ ‘काय काय झालं ते सांगता येत नाही’ असा असतो, म्हणून तिथे पूर्ण फोल्डर पुन्हा तपासायचा. ऐकणाऱ्याने नोंद रांगेत टाकायची आणि लगेच कानोसा घ्यायला परतायचं. रांगेला मर्यादा घाल आणि एकाच फाइलच्या दहा नोंदी आल्या तर एकच ठेव. रांग भरलीच तर ऐकणाऱ्याला अडवून ठेवू नकोस, ‘पुन्हा तपासणी हवी’ अशी खूण कर. प्रत्यक्ष कॉपी करायला दोन थ्रेडने सुरुवात कर. अडतं ते डिस्क नाहीतर नेटवर्कपाशी, त्यामुळे वीस थ्रेड केलेस तरी वेग वाढायचा नाही, फक्त ज्याचा लॅपटॉप आहे त्याला पंख्याचा आवाज ऐकू येईल. व्हिस्टापासून थ्रेडला बॅकग्राउंड मोडमध्ये टाकता येतं, त्यात डिस्कच्या रांगेतही तो मागे सरकतो. ते जरूर वापर. पण त्या मोडमध्ये असताना सामाईक लॉक हातात धरून बसू नकोस, नाहीतर घाईतले थ्रेडही त्याच्यामागे ताटकळतात.

मेसेजबॉक्स दाखवायचा नाही. व्हिस्टापासून सर्व्हिसेस वेगळ्या सेशनमध्ये, सेशन शून्यात चालतात. तिथली खिडकी माणसाला दिसत नाही, आणि तुझा थ्रेड ‘ओके’ची वाट बघत राहतो. सगळ्यांच्या फायली वाचायच्या म्हणून लोकलसिस्टम खातं घ्यावं लागलं, तर नेटवर्कवरून आलेला मजकूर उलगडणारा भाग तरी कमी हक्कांच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये काढ. यावर तुझ्या टीमशी भांडायची वेळ आली तरी भांड. लोकांची खाजगी कागदपत्रं आहेत ती.

‘थांबले’ हे कळवणं अगदी शेवटी. सगळे थ्रेड परतले, लॉगची फाइल बंद झाली, मगच. ते कळवल्यानंतर प्रोसेस कधीही संपवली जाऊ शकते, त्यामुळे त्याच्या खाली आवराआवरीचा कोड ठेवण्यात अर्थ नाही.

रिव्ह्यूच्या आधी एक तक्ता कर. प्रत्येक थ्रेडपुढे लिही: तो कुठे कुठे थांबतो, त्याला कोण उठवतं, आणि उठल्यावर अर्धवट फाइलचं काय करतो. कुठल्या रकान्यात ‘आपोआप संपेल’ असं लिहावंसं वाटलं, तर तो रिकामा सोड आणि रविवारी मला फोन कर. ते रकाने आपण दोघी मिळून भरू.