रेताड जमिनीत खांब कसा रोवावा?

कोकण किनाऱ्यावरील पुळणवट जमिनीत शेडनेट, भाजीचा मांडव किंवा कुंपण उभारताना खांबाची जाडी व खोली पाहिली जाते. परंतु रोवण्याच्या पद्धतीकडे सहसा दुर्लक्ष होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळ-सुपारीच्या बागांची मोठी हानी केली. असा वारा शेडनेट वर उचलतो, तेव्हा खांबाची जमिनीतील पकडच महत्त्वाची ठरते.

वाळूचे कण चिकणमातीसारखे एकमेकांना चिकटत नाहीत. खांबाला पकड मिळते ती कणांचे घर्षण व कडेचा दाब यांमुळे. म्हणून एकाच मापाचे व खोलीचे दोन खांब रोवण्याच्या पद्धतीनुसार कमी-अधिक भार पेलतात.

१) ठोकून रोवणे : खांब खाली जाताना सैल वाळू बाजूला सारून घट्ट करतो. त्यामुळे पकड वाढते. लोखंडी पाइप किंवा लाकडी खांबासाठी ही पद्धत उत्तम. घणाचा घाव थेट न घालता वर लाकडी ठोकळा ठेवावा. सिमेंटचे खांब ठोकू नयेत, ते तडकतात.

२) खड्डा खोदून रोवणे : खोदताना कडेची वाळू सैल होते. खड्डा गरजेपुरताच रुंद घ्यावा. तळ ठोकून घट्ट करावा. भरणी १५ सें.मी.च्या थरांनी करावी व प्रत्येक थर भरपूर भिजवून धुमसाने ठोकावा. नुसती दमट वाळू फुगते, नीट बसत नाही. निघालेली वाळू खांब बसवूनही जवळजवळ सर्व परत मावली, तर भरणी चांगली झाली असे समजावे. उपटण्यास विरोध व्हावा म्हणून खांबाच्या बुडाशी आडवा तुकडा पक्का बसवावा.

३) पाण्याच्या झोताने रोवणे : काम झटपट होते, पण भोवतालची वाळू सैल पडते. म्हणून शेवटचा टप्पा पाणी बंद करून ठोकूनच पूर्ण करावा.

पावसाळ्यात भूजल वर आले की पाण्याखालील वाळूचे प्रभावी वजन सुमारे निम्मे होते व पकडही त्या प्रमाणात घटते. त्यामुळे उन्हाळ्यात घट्ट वाटलेल्या खांबावर विसंबू नये. खोली थोडी जास्त ठेवावी आणि कडेच्या खांबांना ताण द्यावेत.

उभारणीपूर्वी एक खांब ठोकून व एक खोदून रोवावा. दोन्ही तरफेने उपटून पाहावेत आणि जो अधिक जोर मागेल, ती पद्धत स्वीकारावी.