पुडक्यावरील मजकूर कसा वाचावा?

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील सोयाबीन व तूर गिरणीत जाते आणि तेल व डाळ होऊन पुडक्यांतून पुन्हा आपल्याच घरी येते. धान्याची पारख शेतकऱ्यास आहे. बंद पुडक्याची पारख मात्र त्यावरील मजकुरावरूनच करावी लागते. हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की चालतो. मराठी सक्तीची नाही. तरीही खुणा व आकडे यांवरून पुष्कळ कळते.

१. चित्र व यादी : समोरचे चित्र विक्रेत्याच्या मर्जीचे, मागील यादी कायद्याची. यादीत सर्वांत अधिक वजनाचा घटक प्रथम येतो. बिस्किटाच्या पुडक्यावर गव्हाच्या ओंब्या असल्या, तरी यादीत प्रथम मैदा व त्यामागोमाग साखर असल्यास तो माल त्यांचाच समजावा.

२. खूण : हिरव्या चौकटीतील हिरवा गोल शाकाहार दर्शवितो, तर तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण मांसाहार. हिरवी खूण म्हणजे शुद्धतेची किंवा पौष्टिकतेची हमी नव्हे.

३. तारखा : वापराची अंतिम तारीख उलटलेला माल खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख गुणवत्तेची आहे. ती उलटल्यावर चव व कस उतरू लागतो.

४. परवाना : अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये दिलेला क्रमांक १४ अंकी असतो. तो नसलेले पुडके घेऊ नये.

५. वजन : एक लिटर सोयाबीन तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. समजा, लिटरची पिशवी १४० रुपयांस व किलोची १५० रुपयांस मिळते. लिटरची पिशवी स्वस्त दिसते. परंतु तिच्यातील तेल किलोमागे सुमारे १५४ रुपयांस पडते. काही पिशव्या याहूनही कमी वजनाच्या असतात. म्हणून पिशवीच्या आकारावर न जाता ग्रॅमचा आकडा पाहावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटाच्या बैठकीत घरोघरची रिकामी पुडकी मागवावीत व वरील पाच गोष्टी प्रत्येकीकडून शोधून घ्याव्यात. अक्षरओळख नसल्यास शाळकरी मुलांकडून वाचवून घ्यावे. दोष आढळल्यास पुडके व पावती जपून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १९१५ या ग्राहक दूरध्वनी क्रमांकावर तक्रार करावी.

जे गट स्वतः डाळ वा हळद पुडक्यांत भरून विकतात, त्यांनाही हेच नियम लागू आहेत. ग्राहक म्हणून जे आपण शोधतो, ते विक्रेते म्हणून आपल्या पुडक्यावर स्पष्ट छापावे.