नव्याचे नऊ दिवस

दारात नवी म्हैस आली, की घरातले सगळे तिच्याभोवती जमतात. कुणी वैरण घालतो, कुणी पाठीवरून हात फिरवतो. पंधरा दिवस गेले, की शेण कुणी काढायचे यावरून भांडण सुरू होते. यालाच आपले लोक ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणतात.

व्यायामाचेही असेच होते. पाडव्याला माणूस ठरवतो, “उद्यापासून रोज पहाटे उठायचं, जोर-बैठका काढायच्या.” चार दिवस उठतो. अंग दुखते, तरी उठतो. मग एक दिवस पाहुणे येतात. एक दिवस डोके दुखते. अक्षय्य तृतीया येईपर्यंत सगळे थंड होते. अशा माणसाला ‘आरंभशूर’ म्हणतात. आरंभी शूर, पुढे गार.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. आरंभशूर माणूस आळशी असतोच असे नाही. पुष्कळदा त्याचा बेतच चुकलेला असतो. बेत कसा करावा, ते या धड्यात पाहू.

मुद्दाम व्यायाम कशाला?

कुणी म्हणेल, “आमच्या आज्यानं कधी व्यायाम केला? चांगला ठणठणीत होता की!”

बरोबर आहे. पण आजा दिवसभर काय करत होता, ते आठवा. तो मोट हाकत होता. बाजाराला चार कोस चालत जात होता. आजी पहाटे जात्यावर बसत होती, विहिरीतून पाणी ओढत होती, उखळात भात कांडत होती. व्यायाम त्यांच्या कामातच होता. तो वेगळा करावा लागत नव्हता.

आता दळण गिरणीत जाते. पाणी नळाला येते. बाजाराला गाडी जाते. हे चांगलेच झाले. जाते ओढून बायांचे हात भरून येत. ते दिवस परत यावेत, असे कोण म्हणेल? पण कष्ट गेले, त्यांच्याबरोबर अंगाची हालचालही गेली.

आजही जो दिवसभर कुदळ मारतो, ओझी वाहतो, त्याला आधी पोटभर अन्न आणि विश्रांती हवी. हा धडा मुख्यतः बसून काम करणाऱ्यांसाठी आहे. शिंपी, दुकानदार, कारकून, गाडी चालवणारा, बसून विड्या वळणारी बाई, अशांसाठी.

नुसते बसून राहिल्याने काय होते, याचा एक दाखला पाहा. लंडन शहरात दुमजली बसगाड्या होत्या. ड्रायव्हर दिवसभर एका जागी बसे. कंडक्टर तिकिटे देण्यासाठी गाडीतला जिना सारखा चढे-उतरे. रोज शेकडो पायऱ्या होत. डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी या दोघांची तुलना केली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध केली. काय आढळले? बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयाचा विकार कमी होत होता. गाडी तीच, रस्ता तोच. फरक मोठा होता तो हालचालीचा.

मग हालचाल किती हवी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली याचे माप सांगितले आहे. मोठ्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम मेहनतीची हालचाल करावी. मध्यम म्हणजे कशी? भराभर चालताना सोबत्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे. बैठका काढाव्यात, जोर काढावेत.

१५० मिनिटे म्हणजे रोज अर्धा तास, असे पाच दिवस. अर्धा तास एकदम जमत नसेल, तर दहा-दहा मिनिटे तीन वेळा चाला. तेही जमत नसेल, तर जमेल तेवढे चाला. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे.

शिंप्याची गोष्ट

एका गावात एक शिंपी होता. वय पन्नाशीच्या पुढे. दिवसभर मशीनवर बसलेला. पूर्वी पायाने मशीन चालवायचा. मग मशीनला मोटर बसवली, तेव्हापासून पायांनाही सुट्टी मिळाली.

एकदा त्याच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. महिना झाला तरी भरेना. आरोग्य केंद्रात रक्त तपासले. साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मामा, आधी ही जखम बरी होऊ द्या. गोळी मात्र आजपासून रोज घ्यायची. जखम भरली, की मी पाय तपासते. मग रोज अर्धा तास चालायचं. दोन्ही गोष्टी आयुष्यभर करायच्या. नाहीतर पुढे डोळे, पाय, मूत्रपिंड, सगळ्यांवर येतं.”

शिंपी घाबरला. जखम भरली. बाईंनी पाय तपासून चालायला परवानगी दिली. त्याने नवे बूट आणले. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठला आणि थेट टेकडीवरच्या देवळापर्यंत जाऊन आला. पोटऱ्या भरून आल्या. तरी आठ दिवस तो नेटाने गेला. नवव्या दिवशी पाऊस लागला. दहाव्या दिवशी लग्नाचे कपडे द्यायचे होते. मग बूट खुंटीवर गेले, ते तिथेच राहिले.

महिन्याने बायकोने विचारले, “अहो, चालायचं काय झालं?”

“खंड पडला गं. आता चांगला दिवस बघून नव्यानं सुरू करतो.”

“एक दिवस जेवण चुकलं, तर दुसऱ्या दिवशी जेवायला मुहूर्त बघता का?”

शिंपी गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “पहाटे उठवत नाही मला. रात्री जागून शिवणकाम करावं लागतं.”

“मग पहाटे नका ना जाऊ! आणि टेकडी तरी कशाला? संध्याकाळी दुकानाला कुलूप लावता, तेव्हा घरी न येता आधी वडाच्या पारापर्यंत जायचं आणि परत यायचं. दहा मिनिटं. बस्स.”

“दहा मिनिटांनी काय होतंय?”

“काही होवो न होवो. आधी रोज जाणं तर होऊ दे. मीपण येते. माझे गुडघे धरलेत बसून बसून.”

त्या दिवसापासून तसे सुरू झाले. कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली, की पाय पाराकडे वळत. पावसात दोघे छत्री घेऊन निघत. फारच पाऊस असला, तर दुकानाच्या पडवीत फेऱ्या घालत. आठ-दहा दिवसांनी पाराजवळ राहणारे एक म्हातारे टपालवाले त्यांना सामील झाले. एखाद्या दिवशी ही दोघे दिसली नाहीत, की ते दुकानाशी येऊन हाक मारत, “काय शिंपीमामा, आज रजा का?”

दोन महिन्यांत दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. तो कधी झाला, हे शिंप्यालाही कळले नाही. पुढच्या तपासणीत साखर उतरलेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “छान! पण गोळी मनानं बंद करायची नाही. आणि चालणंही बंद करायचं नाही.”

सवय कशी मुरते?

पहिल्या वेळी शिंप्याजवळ हुरूप भरपूर होता. तरी तो नऊ दिवसांत थांबला. दुसऱ्या वेळी हुरूप बेताचाच होता. तरी काम टिकले. असे का झाले?

हुरूप हा गवताच्या जाळासारखा असतो. भपकन पेटतो, लवकर विझतो. सवय गोवरीच्या विस्तवासारखी असते. धुमसत राहते, पण रात्रभर टिकते. जाळ विझायच्या आत गोवरी पेटली पाहिजे.

सवय मुरायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ माणसांवर याचा अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक साधे काम निवडले, आणि ते रोज ठरलेल्या वेळी करायचे ठरवले. कुणी जेवताना पाणी प्यायचे ठरवले, कुणी संध्याकाळी जेवणाआधी धावायचे. ते काम आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात, असे दिसले. पण माणसामाणसांत फार फरक होता. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली. व्यायामाची सवय लागायला जास्त वेळ लागला.

म्हणून नवव्या दिवशी कंटाळा आला, तर “माझ्यातच काही कमी आहे” असे समजू नका. नऊ दिवसांत सवय मुरतच नाही. लोणचेसुद्धा इतक्या लवकर मुरत नाही!

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात फारसा बिघाड होत नाही. आपण मात्र एक दिवस चुकला, की सगळे सोडून देतो. एक टाका उसवला म्हणून कुणी सदरा फेकून देतो का?

तुम्ही हे आधी केलेच आहे

तुम्ही म्हणाल, “आम्हाला कसली सवय लागणार? वय झालं.”

पण थांबा. तुम्ही आत्ता काय करत आहात? वाचत आहात. वर्गात आलात, तेव्हा ‘ग’ आणि ‘म’ यांतला फरक कळत नव्हता. हात कोयत्याला सरावलेला, त्यात पेन्सिल धरवत नव्हती. मग हे कसे जमले? एका दिवसात कुणी सारी बाराखडी गिळली नाही. रोज दोन-चार अक्षरे घेतली. वर्गाची वेळ ठरलेली होती. जागा ठरलेली होती. शेजारीण दारात येऊन म्हणायची, “चला वहिनी, वर्गाला उशीर होतोय.” चार दिवस पाहुण्यांत गेले, तरी पाचव्या दिवशी तुम्ही परत आलात. म्हणून आज हे पान तुम्हाला वाचता येते.

व्यायामाचा रस्ताही हाच आहे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सोबत कुणीतरी, रोज थोडे, आणि चुकले तर परत यायचे.

आपल्याकडच्या तालमीत हेच असते. तिथे वेळ ठरलेली, माती ठरलेली, जोडीदार ठरलेला. न येणाऱ्याला वस्ताद विचारतात, “काल कुठं होतास?” कराडजवळच्या गोळेश्वर गावचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. पुढे १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला व्यक्तिगत स्पर्धेत मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. पदक एका दिवशी गळ्यात पडते. मेहनत मात्र रोज करावी लागते. त्या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नसते.

सगळ्यांच्या गावात तालीम नसते. बायकांना तर तालमीची वाट बहुधा बंदच असे. त्यालाही तोड आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः अनेक वर्षे नेमाने सूर्यनमस्कार घालत. त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांतही सूर्यनमस्कार सुरू केले. १९३८ साली त्यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. सूर्यनमस्काराला काय लागते? साडेतीन हात जागा. पैसा लागत नाही, सामान लागत नाही. बाई असो की पुरुष, घरातल्या घरात घालता येतात.

एवढे करा

१. रोजच्या एका कामाला व्यायाम बांधून टाका. दूध घातले की चालायचे. मुले शाळेत गेली की नमस्कार घालायचे. मग वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

२. लहान माप घ्या. पहिल्या दिवशी बारा नमस्कार नकोत, दोन घाला. “आणखी करावंसं वाटतंय” असे वाटेल, तेव्हाच थांबा.

३. सोबती बघा. मनाला “आज नको” सांगता येते. दारात उभ्या असलेल्या शेजारणीला सांगणे अवघड जाते.

४. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाच्या तारखेवर खूण करा. तुम्हाला आता आकडे वाचता येतात. महिन्याच्या शेवटी खुणा मोजा.

५. सुगीच्या, सणाच्या, आजाराच्या दिवसांत खंड पडणारच. खंड पडला तर मुहूर्त बघू नका. सवड मिळेल त्या पहिल्या दिवशी परत सुरू करा.

आणि एक जपा. ज्यांना हृदयविकार, रक्तदाब किंवा साखरेचा आजार आहे, किंवा बाई गरोदर आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. साखर असेल तर अनवाणी चालू नये. चालताना छातीत दुखले, चक्कर आली, दम फार लागला, तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. अंगदुखी अंगावर काढता येते, छातीची कळ काढू नये.

पाडव्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळी दहा मिनिटे चालून या. उद्या परत तेवढेच. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच असतात. त्यानंतरचे दिवस ज्याने सांभाळले, त्याचे शरीर त्याला सांभाळते.

प्रश्न

१. ‘आरंभशूर’ कुणाला म्हणतात? तुमच्या ओळखीत असे कुणी आहे का?
२. शिंप्याचे चालणे पहिल्यांदा का थांबले? दुसऱ्यांदा का टिकले?
३. तुमच्या आजीच्या कोणत्या कामात व्यायाम होता? ते काम आता कशाने होते?
४. तुम्ही रोज न चुकता करता, असे एक काम लिहा. त्याला कोणता व्यायाम जोडता येईल, तेही लिहा.